रुळांआधीचा पैसा

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र सूचीतली बाविसावी नोंद एकाच शब्दाची आहे : रेल्वे. रूळ, गाड्या, तिकीट, वेळापत्रक, सगळे दिल्लीच्या अखत्यारीत. तरीही महाराष्ट्र सरकार आपल्या तिजोरीतून रेल्वेला पैसे देते, आणि एखाद्या मार्गाला दिल्लीची मंजुरी मिळण्याआधीपासून देते.

यामागे कारण आहे. नवा मार्ग हाती घेताना रेल्वे परताव्याचा दर बघते. बरीच वर्षे ही अट १४ टक्क्यांची होती. कोळसा, सिमेंट, लोहखनिज वाहणारा मार्ग या परीक्षेत कसाबसा उत्तीर्ण होतो. कॉलेजची पोरे, नोकरदार आणि तालुक्याच्या दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे यांच्या जिवावर चालणारा मार्ग सहसा नापासच होतो, कारण प्रवासी भाडे मुळात खर्चाच्या खाली ठेवलेले असते. मग असा मार्ग हवा असेल तर राज्याने वाटा उचलावा, असा रिवाज पडला. तो तसा जुनाच. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंतचा मार्ग स्वतःच्या पैशाने बांधला. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, पण ती चालवायला सदर्न मराठा रेल्वे कंपनी होती. पैसा दरबारचा, गाडी कंपनीची. कोकण रेल्वेच्या भांडवलातही महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के होता, केंद्राचा ५१.

वाटा उचलला म्हणजे गाडी वेळेवर येते असे मात्र नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला, तेव्हा खर्चाचा अंदाज ३५३ कोटींचा होता. पुढे राज्याने निम्मा भार घेतला. पैसे तुकड्या-तुकड्यांनी आले, जमीन तुकड्या-तुकड्यांनी मिळाली, आणि अंदाज चार हजार आठशे कोटींवर गेला. बीड शहरात गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. पहिल्या अंदाजाच्या वेळी जन्मलेली मुले तोवर तिशीला आली होती.

बीडचा धडा सगळ्यांनी घेतला तो असा : जमीन लवकर घ्या, उशीर झाला की महाग पडते. धडा खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा पुणे–नाशिक मार्गाने शिकवला.

पुणे आणि नाशिक ही एवढी मोठी शहरे, रस्त्याने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, आणि त्यांना थेट जोडणारा रेल्वेमार्ग नाही. गाडीने जायचे तर कल्याणचा किंवा दौंड-मनमाडचा वळसा. म्हणून राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या महारेल या कंपनीने सुमारे २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड दुहेरी मार्ग आखला. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. ताशी २०० किलोमीटरचा वेग, पावणेदोन तासांत प्रवास, खर्च सुमारे १६ हजार कोटी. त्यातला पाचवा हिस्सा राज्याचा, पाचवा रेल्वेचा, बाकी कर्ज. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आपल्याकडून होकार दिला. दिल्लीची तोवर तत्त्वतः मान्यता होती, अंतिम नव्हती. तरी मोजणी झाली, दर ठरले, थेट खरेदी सुरू झाली, सिन्नर तालुक्यात काही शेतकऱ्यांची खरेदीखतेही झाली.

आणि या मार्गाच्या मध्यावर, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले क्षीण रेडिओ संकेत टिपते. त्यासाठी तिला आजूबाजूला रेडिओ शांतता लागते, म्हणून तर ही जागा निवडली. विजेवर धावणाऱ्या गाडीचा पेंटोग्राफ वरच्या तारेला घासतो, बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा गोंगाट. पुढे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी या कारणावरून हा मार्ग शक्य नसल्याचे सांगितले आणि शिर्डी-अहिल्यानगरकडून वळणारा पर्याय पुढे आला. नारायणगाव, संगमनेरच्या लोकांनी आंदोलने केली. त्यांचा राग मला रास्त वाटतो. दुर्बिणीचा आग्रहही रास्तच वाटतो. आक्षेपाचे पत्र कोणत्या टेबलावर कधी आले, या वादात मला रस नाही. आक्षेप नकाशावर पहिल्या दिवसापासून होता.

इथे पूर्वतयारीच्या पैशाकडे जरा जवळून बघायला हवे. सर्वेक्षण म्हणजे नेमके काय होते? हमरस्त्याच्या कडेला माणसे बसून जाणारी-येणारी वाहने मोजतात, एसटीच्या प्रवाशांना कुठून कुठे निघालात ते विचारतात. नदीपात्रात आणि डोंगराच्या पायथ्याशी भोके पाडून खडकाचे दंडगोल काढतात, ते लाकडी पेटीत ओळीने रचून प्रत्येकावर खोली लिहितात. वनखाते, पाटबंधारे, वीज कंपनी, जो जो आडवा येईल त्याला पत्रे जातात. एकूण खर्चाच्या तुलनेत हा पैसा म्हणजे चिल्लर. पण सोळा हजार कोटी कुठून जातील, हे ही चिल्लर ठरवते.

हा पैसा राज्यानेच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिल्लीच्या यादीत आपला नंबर लागेपर्यंत वाट बघणे म्हणजे तीस वर्षे बघणे. अडचण पैशाच्या हेतूत आहे. आपण सर्वेक्षणाचा पैसा ‘हो’ ऐकण्यासाठी देतो. अहवाल तयार करणारी कंपनी मार्ग झाला तरच मोठी होणार. आमदाराला अहवाल हवा असतो तो सभेत फडकवायला. अशा अहवालात अडथळ्यांचे प्रकरण शेवटी आणि पातळ असले तर नवल काय? पूर्वतयारीतून ‘इथून नको’ असे उत्तर आले तर ते पैसे वाया गेले असे आपण मानतो. माझ्या मते तेवढेच पैसे कामी आले. वाया जातात ते नंतरचे, जमीन घेतल्यावरचे.

ते कुणाचे जातात, हेही बघावे. मोजणीचे दगड रोवले की त्या पट्ट्यातले व्यवहार थंडावतात. विहीर खोदावी की नाही, द्राक्षबाग नव्याने लावावी की नाही, भावाभावांत वाटणी आत्ता करावी की मोबदला आल्यावर, सगळे टांगणीला. केरळात सिल्व्हरलाइन या रेल्वेमार्गासाठी लोकांच्या अंगणात पिवळे दगड रोवले गेले तेव्हा बायकामाणसांनी ते उपटून काढले. महाराष्ट्रातला शेतकरी दगड उपटत नाही, तो तलाठ्याकडे खेटे घालतो. सरकारी हिशेबात हा खर्च कुठेच धरलेला नसतो.

कुणी म्हणेल, थांबलात तर बीड होते. पण बीडला मंजुरी आधीच होती, अडली ती अंमलबजावणी. पुणे–नाशिकला अंमलबजावणी धावत सुटली आणि मंजुरी मागे राहिली. दोन्ही आजारांना ‘जमीन लवकर घ्या’ हे एकच औषध चालणार नाही. अंतिम मंजुरी येईपर्यंत राज्याने गुंठाभरही जमीन घेऊ नये, आणि ती आल्यावर जमिनीचा सगळा पैसा एकरकमी मोकळा करावा.

यापुढे तुमच्या भागात नव्या मार्गासाठी राज्याचा वाटा जाहीर झाला की आमदाराला रकमेबद्दल विचारू नका. सर्वेक्षणाचा पूर्ण अहवाल, अडथळ्यांच्या प्रकरणासकट, मराठीत, तहसील कचेरीत वाचायला कधी ठेवणार, ते विचारा.