घराचा चेहरा कोणासाठी?

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आपल्यातल्याच एका तरुण जोडप्याने मला एक रंगीत माहितीपत्रक दाखवले. चंद्रपुरात एक बहुमजली इमारत उभी राहत आहे. तिथे फ्लॅट घ्यावा असे त्यांच्या मनात आहे. कर्ज वीस वर्षांचे. चित्रात इमारतीची दर्शनी बाजू वरपासून खालपर्यंत निळ्या काचेची होती. भोवती माणसे जमली. कोणी म्हणाले, अगदी मुंबईसारखी दिसते. कोणी म्हणाले, हे तर काचेचे कपाट. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "ज्याची जागा त्याची भिंत. प्रभूने न्याय करू नका असे सांगितले आहे ना?"

मावशींचा प्रश्न घरी येईपर्यंत माझ्या मनातून जाईना.

संत मत्तयच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू बजावतो ते माणसाला दोषी ठरवण्याबद्दल. संत योहानाच्या सातव्या अध्यायात तोच प्रभू वरवर पाहून निर्णय देणाऱ्यांना नीट पारखायला सांगतो. तेव्हा भिंत पारखणे हे काही पाप नव्हे. पण ती कशावरून पारखायची? देव बाह्यरूप पाहत नाही, अंतःकरण पाहतो, हे शमुवेलाला शिकावे लागले. माणसाच्या बाबतीत ते खरेच आहे. घराचे मात्र थोडे निराळे असते. आतले सुख मालकाचे. बाहेरची बाजू शेजाऱ्याच्या आणि वाटसरूच्या वाट्याला येते. म्हणून घराचे अंतःकरण पुष्कळदा बाहेरूनच कळते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन आपण क्वचितच वाचतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तो नियम आहे. त्या देशातली छपरे सपाट, आणि लोक त्यांवर वावरत. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडतात तसेच. घर देखणे असावे की नाही याबद्दल तिथे अक्षर नाही. कठडा मात्र हवाच. माहितीपत्रकातल्या बाल्कन्यांना आडव्या नळ्यांचे कठडे होते. दिसायला छान, पण तीन वर्षांच्या मुलासाठी ती शिडीच.

आता काचेविषयी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा तापते ते छत. भिंतींना खरा तडाखा बसतो तो सकाळी पूर्वेकडून आणि त्याहून अधिक दुपारनंतर पश्चिमेकडून. ते ऊन तिरपे आत शिरते. एकट्या छज्जाने ते अडत नाही. काच उजेडाला वाट देते, पण आत तापलेल्या वस्तूंची उष्णता सहज बाहेर सोडत नाही. मग एसी आला. एसी उष्णता नाहीशी करत नाही, घरातून काढून रस्त्यावर टाकतो, शिवाय स्वतःची त्यात घालतो. वीज येते कोळशातून, आणि २,९२० मेगावॅटचे केंद्र तर आपल्या उशाशीच आहे. एसीवाल्याचा गारवा आणि पंखेवाल्याची झळ यांचा हिशेब कोणत्याच माहितीपत्रकात नसतो.

आपल्या गडचिरोलीकडच्या गावांत जुन्या कवेलू घरांची वळचण इतकी खाली उतरलेली असते की आत जाताना मान वाकवावी लागते. भिंत मातीची, पण तिच्यावर ऊन पडत नाही. वळचण मालकाची, सावली मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याचीही.

उंच इमारतीत हे शक्यच नाही असे नाही. चार्ल्स कोरिया हे गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातले वास्तुविशारद. दादरचे साल्वासाव चर्च त्यांचेच, १९७७चे. मुंबईत कंबाला हिलवर त्यांची २८ मजली 'कांचनजंगा' १९८३ साली पूर्ण झाली. तिथे समुद्र पश्चिमेला. वारा तिकडून, देखावा तिकडचा, आणि ऊन-पाऊसही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या केल्या. इमारतीचा चेहरा त्या पोकळ्यांमुळेच ओळखू येतो. अर्थात ते ३२ फ्लॅट श्रीमंतांचे आहेत; खोल गच्ची म्हणजे जागा, आणि जागा म्हणजे पैसा. बिल्डर छज्जा आणि व्हरांडा आधी कापतो तो यासाठीच, आणि आपणही चौरस फूट मोजताना त्याला साथ देतो.

मावशींना उत्तर द्यायला निघालो खरा, पण माझेच एक उघडे करतो. पाच वर्षांपूर्वी मी घरी एसी बसवला. बाहेरचा डबा समोरून वाईट दिसतो म्हणून बाजूच्या भिंतीवर लावला. त्या बाजूला शेजारच्या आजीची खिडकी आहे. त्यांच्याकडे फक्त पंखा. दोन उन्हाळे त्यांनी ती खिडकी बंद ठेवली आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटे, म्हातारपणी वारा सोसत नसेल. तिसऱ्या वर्षी त्यांच्या नातवाने सांगितले तेव्हा कळले. डबा आता समोरच आहे. घराची शोभा गेली, पेरूच्या एका फांदीची पानेही करपली.

त्या जोडप्याला मी घेऊ नका म्हटले नाही. एवढेच सांगितले की साइट बघायला सकाळी जाऊ नका. दुपारी चारला जा, पश्चिमेच्या भिंतीजवळ उभे राहा. कूलर कुठे बसेल आणि एसीची झळ कोणाच्या खिडकीवर जाईल, ते विचारा. कठड्याच्या नळ्या उभ्या करून मिळतील का, तेही विचारा. शनिवारी ते जाणार आहेत. मावशीही सोबत येते म्हणाल्या आहेत.