त्याला काय झालं?

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात पोरांचं क्रिकेट रंगलेलं असतं. एक झेल सुटतो आणि कुणीतरी ओरडतं, "ए जाड्या, तुझ्यामुळे हरलो!" वरच्या गॅलरीतून आई दटावते, "आधी सॉरी म्हण त्याला." पोरगा दुसरीकडेच बघत "सॉरी" म्हणतो आणि खेळ पुढे सुरू होतो. ज्याला बोललं गेलं, तो लांब कुंपणापाशी जाऊन चपलेने माती उकरत राहतो. आता चेंडू आपल्याकडे येऊच नये, असं त्याला वाटत असतं. त्याच्या तोंडाकडे कुणीच पाहिलेलं नसतं, आईनेही नाही.

आपण मुलांना दिवसभर बजावत असतो : बाई ओरडतील, बाबांना नाव सांगेन, लोक काय म्हणतील. या सगळ्यातून मूल एकच हिशेब शिकतं, "माझं काय होईल?" त्याला काय झालं, हा प्रश्न घरात फारसा निघतच नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी पालकांच्या शिस्तीचे तीन प्रकार मांडले. धाक दाखवणं, माया आखडती घेणं, आणि मुलाच्या वागण्याने दुसऱ्यावर काय गुदरलं ते त्याला दाखवून देणं. आतून नीतिमान होण्यासाठी त्यांनी भर दिला तो तिसऱ्या प्रकारावर. कॅरोलिन झान-वॅक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर बोलायला नुकती लागलेली मुलं होती. ज्यांच्या आया हे पोटतिडकीने समजावत, ती मुलं दुखावलेल्याची समजूत काढायला अधिक पुढे येताना दिसली.

घरातलंच बघा. मावशींनी नुकतीच फरशी पुसलेली असते आणि पोरगं चिखलाच्या पायांनी आत धावतं. आपण ओरडतो, "घसरून पडशील!" म्हणजे पुन्हा त्याचीच काळजी. त्याऐवजी त्याला थांबवून म्हणावं, "मावशींची कंबर दुखतेय, तरी त्यांनी वाकून पुसलं. आता त्यांना पुन्हा वाकावं लागणार. काय करूया?" आणि मग आपण गप्प राहावं. ही गप्प राहण्याची दोन मिनिटं मोठ्यांना फार जड जातात. पण बहुतेक वेळा मूल स्वतःच फडकं मागतं. ओबडधोबड पुसेल, पाणी पसरेल, पसरू द्यावं.

एक मात्र सांभाळायला हवं. "तुझ्यामुळे माझं बीपी वाढतं", "तू मला मारूनच टाकशील", हे समजावणं नव्हे. असं ओझं पेलायला मुलाचे खांदे लहान असतात. सांगायचं ते त्या एका कृतीबद्दल, आणि जे निस्तरणं त्याच्या आवाक्यात आहे तेवढंच.

मुलांना हे जमणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांचे खेळ जरा निरखून पाहावेत. लपाछपीत शेंडेफळ रडायला लागलं की ती त्याला लिंबूटिंबू करून टाकतात. त्याने पळायचं, लपायचं, सगळ्यांबरोबर आरडाओरडा करायचा. फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कुठल्या मोठ्या माणसाने लिहून दिलेला नाही. आठ वर्षांचं पोर तो सहा वर्षांच्या पोराला शिकवतं, आणि कुणी मोडला तर त्याच्याशी भांडतंही.