प्रवासाचा बेत आणि मुलांची संमति

रेल्वेच्या नियमाप्रमाणें ५ वर्षें पुरीं झालेल्या, परंतु १२ वर्षांखालील मुलास अर्धें भाडें पडतें; मात्र त्यास स्वतंत्र बर्थ पाहिजे असल्यास २०१६ सालापासून पूर्ण भाडें भरावें लागतें. जागा मागितली कीं मूल एकदम पुरें मनुष्य ठरतें! दिवाळीच्या सुटींत सहकुटुंब उत्तरेकडे जाण्याचा बेत आंखीत असतां हा नियम दृष्टीस पडला, आणि त्यावरून मनांत आलेला एक प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें. जो प्रवास आपण ‘मुलांसाठीं’ म्हणून करतों, त्यांत मुलांच्या इच्छेस कितपत स्थान असतें, आणि कितपत असावें?

हा देश बेत करणारास सहजासहजीं वश होत नाहीं. पूर्व टोंकास सूर्य उगवल्यानंतर पश्चिम टोंकास तो दिसण्यास जवळ जवळ दोन तास लागतात. घड्याळ मात्र दोहींकडे एकच. उन्हाळ्यांत राजस्थान भाजून निघतें, तर त्याच दिवसांत आसाम-मेघालयांत पाऊस कोसळत असतो. दिवाळींत दक्षिणेस जावें, तर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर परतीच्या वाऱ्यांचा पाऊस. त्यांत आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं मिळे, तें नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलें. अशा वेळीं घरचा कर्ता पुरुष कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि नकळत सेनापति होतो. मीहि एकदां झालों होतों.

माझा मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता. धाकटी कडेवर होती. ताजमहाल शुक्रवारीं बंद असतो. आम्ही गुरुवारीं दुपारीं आग्र्यास उतरलों तेव्हां मुलाचें अंग तापलें होतें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुढची गाडी होती. “आज राहूं द्या,” असें त्याची आई हळूच म्हणाली. “इतक्या लांब आलों, तें काय परत फिरण्यासाठीं?” असें मीं उत्तर दिलें. औषध देऊन त्यास नेलें. रांगेंत तो दोनदां खालीं बसला, आणि दोन्ही वेळां मीं त्यास दंड धरून उठविलें. गेल्या महिन्यांत, नवा बेत मांडतांना, मीं त्यास विचारलें, “ताजमहालाचें तुला काय आठवतें?” तो म्हणाला, “तुम्ही रागावलां होतां.” त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तें अधिक लागलें.

मला ताजमहाल पाहावयाचा होता, यांत गैर कांहींच नव्हतें. गैर हें, कीं ती माझी इच्छा मीं मुलाच्या हिताच्या नांवावर मांडली. मनुष्यास केवळ साधन मानूं नये, हें कांटचें वचन मीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविलें आहे. आग्र्याच्या उन्हांत तें आठवलें नाहीं. ‘मोठा झाल्यावर तो आभार मानील’ असा युक्तिवाद आईबापांस फार सोयीचा असतो. ही भावी कृतज्ञतेवर काढलेली हुंडी होय. काढणारा एक, आणि जो ती फेडणार त्याची सही तिच्यावर नाहींच!

मोठ्यांची गोष्ट वेगळी. १९१५ सालीं गोखल्यांनीं गांधींस वर्षभर देश पाहावयास सांगितलें, तेव्हां गांधी पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यांनीं तो सल्ला आपण होऊन मानिला. वरसईचे गोडसे भटजी १८५७ मध्यें मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेनें निघाले, आणि बंडाच्या धुमाळींत सांपडून झांशीचा वेढा पाहून आले. बेत पार मोडला. परंतु मोडलेल्या त्या बेतांतूनच १९०७ सालीं छापलेलें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक निघालें. तथापि घराबाहेर पाऊल टाकलें तें त्यांनीं स्वतः.

यावर कोणी म्हणेल, मुलांस विचारलें तर तीं हॉटेलांतील पोहण्याच्या तलावापलीकडे जाणारच नाहींत. आक्षेप खोटा नाहीं. जें पाहिलेंच नाहीं त्याची इच्छा मुलास कोठून होणार? कोठें जावयाचें हें म्हणून वडील माणसांनींच ठरवावें, याविषयीं मला शंका वाटत नाहीं. परंतु ‘आतां पुरे’ असें म्हणण्याचा अधिकार मुलाचा असला पाहिजे, आणि तो बेतांतच लिहिलेला असला पाहिजे. आयत्या वेळीं बापाच्या मर्जीवर सोडल्यास त्याचें काय होतें, तें वर सांगितलेंच आहे.

एक गांठ मात्र या विचारानें सुटत नाहीं. काशीस मणिकर्णिकेच्या घाटावर रात्रंदिवस चिता जळतात. मुलगी आतां नऊ वर्षांची. तिला तेथें न्यावें, असें माझें मत. मृत्यु ही वस्तु घरच्या दुःखांतच प्रथम भेटावी यापेक्षां तें बरें. तिच्या आईचें म्हणणें असें, कीं परक्यांचें दुःख हा मुलांस दाखविण्याचा देखावा नव्हे. या बाबतींत मुलीची संमति घेणेंहि व्यर्थ, कारण कशास संमति देत आहों हें तिला पाहिल्याशिवाय कळणार नाहीं. आणि पाहिल्यावर ‘पुरे’ म्हटलें तरी पाहिलेलें परत करतां येत नाहीं.

नव्या बेतांत चौदा दिवसांपैकीं तीन दिवस कोरे ठेविले आहेत. मुलानें ते कोरेच राहूं द्यावे असें सुचविलें. मुलीनें खिडकीजवळचा खालचा बर्थ मागितला, म्हणून तिचें पूर्ण तिकीट काढलें. मणिकर्णिकेसंबंधीं घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.