खोटं कार्ड परत करावं का?

मेमरी कार्डाची क्षमता किती, हे फोनला सांगतो तो कार्डाच्या आतलाच कंट्रोलर. म्हणजे आरोपीनेच स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची. आत चिप ८ जीबीची असली आणि कंट्रोलरला ‘५१२ सांग’ असं पढवलेलं असलं, तर फोन मुकाट ५१२ दाखवतो. फोटो कॉपी होतात, बऱ्याचदा एररही येत नाही. खरी जागा संपली की पुढचे फोटो एक तर हवेत जातात, नाहीतर जुन्यांवर लिहिले जातात. यादीत नावं सगळी असतात. उघडायला गेलात की कळतं, आत काहीच नाही.

म्हणून ओळखीत कोणी नवं कार्ड घेतलं की मी ते तपासून देतो. एफथ्री किंवा एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतात. सेकंदाला २० एमबी या वेगाने ५१२ जीबी भरायला सुमारे ७ तास लागतात. वाचायचा वेळ वेगळा. लिहिण्याचा वेगही यातच कळतो. पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. ‘व्ही३०’ हा छोटा शिक्का मात्र सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबीचं वचन देतो.

आता गंमत बघा. अस्सल कार्डही सगळं खरं सांगत नाही. फ्लॅश चिपमध्ये काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येतात, काही वापराने होतात. कंट्रोलर ते झाकतो, राखीव ब्लॉक पुढे करतो, वाचतानाच्या चुका गुपचूप दुरुस्त करतो. लपवाछपवी दोघंही करतात, मग एकालाच लबाड का म्हणायचं? मला वाटतं, फरक ठेवीचा आहे. अस्सल कार्ड लपवतं ते तुमची ठेव परत देता यावी म्हणून. खोटं लपवतं ते ठेव बुडाल्याचं कळू नये म्हणून. पगार थकलाय हे न सांगता कुणी तुमची फी भरतं, तेही लपवणंच. पण त्याला आपण फसवणूक म्हणत नाही.

टिकाऊपणाची परीक्षा मात्र वेगळी. पुसून लिहिताना दर वेळी सेल थोडा झिजतो. किती वेळा सोसेल हे नक्की कळायला कार्ड मरेपर्यंत लिहीत राहावं लागतं, आणि ही परीक्षा दिलेलं कार्ड वापरायला उरत नाही. तिथे तपासणी थांबते. तिथून पुढे दुसरी कॉपी ठेवणं हाच शहाणपणा.

खरा पेच पडतो तो कार्ड खोटं निघाल्यावर. समजा, दुकानदाराने कटकट न करता पैसे परत दिले आणि कार्ड पुन्हा डब्यात टाकलं. माझं नुकसान भरून निघालं. उद्या ते कार्ड दुसरं कोणी घेईल, बाळाचं पहिलं वर्ष त्यात साठवेल आणि तपासणार नाही. म्हणजे माझे पैसे त्याच्या ठेवीतून वळते झाले.

मित्र म्हणतात, दुकानदारही फसलेला असू शकतो. त्याला माल वरच्या व्यापाऱ्याकडे परत पाठवायचा असेल. पटतं. म्हणून मी कार्ड मोडत नाही. त्याच्या छापील बाजूवर सुईने ‘८’ कोरतो आणि मग पैसे मागतो. वर पाठवायचं असेल तर त्या आकड्याने काही अडत नाही. नवं म्हणून विकायचं असेल तर अडतं. असं कार्ड घ्यायला दुकानदार नाही म्हणाला, तर पैसे गेले म्हणायचं आणि कार्डाचे दोन तुकडे करायचे.

हे महाग पडतं, मान्य आहे. पण तपासण्याआधी मी फक्त गिऱ्हाईक होतो. ७ तासांनी मला माहीत झालं. आता तेच कार्ड माझ्या हातून कोरं पुढे गेलं, तर पुढच्या फसवणुकीत माझा वाटा असतो.