नटी आणि तिची भूमिका

प्रिया तेंडुलकर १९ सप्टेंबर २००२ रोजीं, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं निवर्तल्या. नाटककार विजय तेंडुलकर ह्यांच्या त्या कन्या. मराठींत कथा लिहीत. श्याम बेनेगल ह्यांच्या ‘अंकुर’ (१९७४) चित्रपटांत त्यांनीं काम केलें होतें. परंतु लोकांच्या जिव्हेवर राहिलें तें नांव निराळेंच. १९८५ सालीं बासू चटर्जी ह्यांनीं दूरदर्शनवर ‘रजनी’ मालिका आणली, आणि अन्याय दिसतांच पदर खोंचून उभी राहणारी ती गृहिणी घरोघर इतकी रुजली कीं, नटीचें स्वतःचें नांव मागें पडलें. टॅक्सीवाल्यांवरील भाग पाहून मुंबईचे टॅक्सीचालक खवळले व त्यांनीं निषेध केला. चाहत्यांचा आणि शत्रूंचा समज एकच : ही बाई म्हणजेच रजनी.

आतां, भूमिकेचे गुण नटाच्या अंगीं असलेच पाहिजेत काय? अभिनवगुप्ताच्या मतें नट हें केवळ पात्र. मद्याची चव पेल्याला थोडीच कळते! फ्रान्सांत दिदरोनेंही थोर नट आंतून थंडच असावा, असें प्रतिपादिलें. आमच्या कोंकणांतील अडाणी प्रेक्षकासही हें ठाऊक असतें. दशावतारी नटाविषयीं इकडे म्हणतात, ‘रात्रीं राजा, सकाळीं डोक्यावर बोजा.’ पेटारा घेऊन पुढच्या गांवीं निघालेल्या त्या राजाकडे कोणी जमिनीचा तंटा नेत नाहीं.

मग रजनीकडेच तो कां न्यावा? आमच्या मतें, तिच्या मस्तकावर मुकुट नव्हता म्हणून. साधें पातळ, साधें बिऱ्हाड, आणि तंटाही आपल्याच दारचा! रंगभूमि व ओटी ह्यांमधील उंबरठाच मालिकेनें काढून टाकला. तेव्हां प्रेक्षकांस केवळ भोळे म्हणून सोडून देणें आम्हांस पटत नाहीं. त्यांची मागणी चुकली, पण ती उपजली खऱ्या नडींतून.

तथापि त्या मागणींत एक लबाडीही होती, आणि तींत आम्हीही वांटेकरी आहों. त्या वर्षीं आम्ही रत्नागिरींत शाळकरी होतों. गॅसचें सिलिंडर आणणारा इसम दर खेपेस वरकड पैसे मागे. आमच्या मातोश्री म्हणत, “रजनी असती तर ह्याला सरळ केलंन असतं!” आणि मुकाट्यानें पैसे मोजीत. पुढें प्राध्यापक झाल्यावर एका कचेरींत आम्हीही तसेच मोजले; रजनीची आठवण मात्र झाली, आणि त्या आठवणीनें कांहींसें हलकेंही वाटलें. आपला संताप दुसऱ्या कोणीं तरी करून टाकलेला असला, कीं आपण करावयाचा उरत नाहीं. एका नटीवर हें ओझें टाकणें अन्यायाचें खरेंच. पण तिच्यावर टाकून आपण मोकळें व्हावें, हें अधिक वाईट. प्रियाबाईंच्या एका कथासंग्रहाचें नांव ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ असें आहे, हा योगायोगच म्हणावयाचा.

१९९५ सालीं ‘हम पांच’ ह्या विनोदी मालिकेंत त्यांस मृत पत्नीची भूमिका मिळाली. भिंतीवरील तसबिरींतून ती नवऱ्याशीं बोले, त्याला बजावी. अशोक सराफांचा तो गांजलेला नवरा आपलीं गाऱ्हाणीं घेऊन तसबिरीपुढें उभा राही. चौकटीबाहेर येऊन त्याच्यासाठीं भांडणें तिला शक्य नव्हतें. तो बिचारा तरीही सांगतच राही, आणि आम्ही घरीं बसून पोट धरधरून हंसत असूं.