शुश्रूषा : दयेची की ज्ञानाची?

दिल्लीच्या जामिया हमदर्द विद्यापीठातील परिचर्या महाविद्यालयाला ‘रुफैदा’ हे नाव दिलेले आहे. हे नाव कोणाचे, हे आपल्या किती घरांत ठाऊक असेल? अस्लम कबिल्यातील या सहाबी स्त्रीविषयी सीरतच्या ग्रंथांत फार थोडा मजकूर आहे, पण जो आहे तो विचार करायला लावणारा आहे. त्या जखमींवर उपचार करीत आणि ज्यांना पाहणारे कोणी नाही, अशांच्या सेवेला त्यांनी स्वतःला वाहून घेतले होते. हिजरी सन 5 मध्ये खंदकाच्या युद्धात हजरत सअद बिन मुआज (र.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदीतील रुफैदा (र.) यांच्या तंबूत ठेवण्यास सांगितले, म्हणजे जवळूनच त्यांची विचारपूस करता येईल. सकाळ-संध्याकाळ आपण (स.) त्यांची प्रकृती विचारीत असत.

जेथे नमाज अदा होते, त्याच जागेत रुग्णाची शय्या होती. सअद (र.) त्या जखमेतून वाचले नाहीत. काही दिवसांनी जखम पुन्हा फुटली आणि ते अल्लाहला प्यारे झाले. म्हणून तो तंबू निष्फळ ठरला, असे मात्र कोणत्याही इतिहासकाराने म्हटलेले नाही. रोग बरा करणे अल्लाहच्या हाती आहे. आजाऱ्याला एकटे न सोडणे मात्र माणसाच्या हाती आहे आणि परिचर्येचे मूळ प्रयोजन येथेच आहे.

आता प्रश्न असा की, सेवाभाव जर हृदयाचा गुण असेल, तर त्यासाठी विद्यापीठ कशाला हवे? आपल्या आया-आज्यांनी कोणतीही पदवी न घेता आयुष्यभर आजाऱ्यांची उशाशी बसून सेवा केली, असे वडीलधारे सांगतात. ते खरेच आहे. तरीही ही अर्धीच गोष्ट झाली. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. चांगला हेतू त्याला या जबाबदारीतून मुक्त करीत नाही. एक साधे उदाहरण घ्या. आपल्या देशात इन्सुलिन 40 आणि 100 अशा दोन तीव्रतांत मिळते. 40 च्या सिरिंजमध्ये 100 चे औषध त्याच रेषेपर्यंत भरले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. भरणारा हात कितीही मायाळू असो, रुग्णाची शुद्ध हरपायची ती हरपतेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. सलाईनचा वेग, हातांची स्वच्छता, नाडीतील बारीक बदल हे सारे शिकावे लागते. 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला तो उगाच नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सारे ज्ञान असूनही वृद्धेचे अंग पुसताना पडदा ओढून घ्यायचे जिला सुचत नाही, तिचे शिक्षण अपुरे राहिले. परिचारिकेला रुग्णाचे असे काही कळते, जे त्याच्या घरच्यांनाही कळलेले नसते. ती अमानत आहे. सतर झाकणे आणि दोष झाकणे, दोन्ही तिच्याकडे सोपविलेले असते. असे काही परीक्षेत विचारले जात नाही. ते वॉर्डात, अनुभवी सिस्टरच्या मागे मागे फिरताना अंगी येते. म्हणूनच चांगल्या महाविद्यालयाची ओळख मला इमारतीवरून पटत नाही. तेथील शिक्षिका स्वतः रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या राहतात की नाही, हे मी पाहीन.

आजाऱ्याजवळ थांबण्याचे मोल किती, हे बद्रच्या प्रसंगावरून कळते. हजरत उस्मान (र.) त्या युद्धात नव्हते. पत्नी रुकय्या (र.) आजारी होत्या आणि प्रेषितांनी (स.) त्यांना तिच्या सेवेसाठी मदीनेत थांबायला सांगितले. बद्रमध्ये लढणाऱ्याइतकेच पुण्य आणि युद्धलाभात तेवढाच वाटा त्यांच्या नावे लावला गेला. शुश्रूषा हे केवळ बायकांचे काम, असे मानणाऱ्या पुरुषांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

तरीही आपल्या घरांत मुलगी डॉक्टर झालेली हवी असते आणि ‘नर्स’ म्हटले की कपाळाला आठ्या पडतात. सून बाळंतपणासाठी दाखल झाली की मात्र खोलीत स्त्री परिचारिकाच हवी, असा आपला आग्रह. ती कोणाच्या घरातून यायची? इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये हीच तक्रार केली होती. वैद्यक हे फर्ज-ए-किफाया असूनही गावेच्या गावे मुस्लिम वैद्याविना आहेत आणि लोक फिक्हच्या वादांकडे धावत आहेत, असे त्यांचे म्हणणे. स्त्रीने परपुरुषाची शुश्रूषा करावी का, ही शंका तर इमाम बुखारी (रह.) यांच्याही समोर होती. त्यांनी त्यावर स्वतंत्र प्रकरणच केले आणि त्यात रुबय्यि बिन्त मुअव्विज (र.) यांचे कथन दिले. युद्धात आम्ही पाणी पाजत होतो आणि जखमींना मदीनेला परत आणत होतो, असा त्याचा आशय आहे. उम्मे अतिय्या (र.) तर प्रेषितांसोबत सात मोहिमांवर गेल्या आणि त्यांनी जखमींवर उपचार व आजाऱ्यांची देखभाल केली. रात्रपाळी, वसतिगृह, येण्याजाण्याची सुरक्षितता याविषयी पालकांची काळजी रास्त आहे. ती महाविद्यालयापुढे स्पष्ट मांडावी आणि उत्तर मागावे. पण तेवढ्यावरून अर्जच न भरणे, हे त्या काळजीचे उत्तर नव्हे.

पगाराविषयीही एक कुजबूज असते, की पैसे घेतले म्हणजे सेवा कुठली? 1284 साली कैरोत सुलतान कलावून यांनी उभारलेल्या रुग्णालयात स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत सर्वांना प्रवेश होता. स्त्रियांसाठी वेगळे कक्ष होते आणि शुश्रूषा करणारे स्त्री-पुरुष सेवक नेमलेले होते. त्यांना वेतन मिळे, आणि ते वक्फच्या उत्पन्नातून मिळे. आपल्याकडच्या किती वक्फ संस्था आज एखाद्या मुलीची परिचर्या महाविद्यालयाची चार वर्षांची फी भरतात, हे आपापल्या गावच्या विश्वस्तांना विचारून पाहावे.