कादंबरीशेजारी चित्रपट

महाराष्ट्राच्या बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत ई. आर. ब्रेथवेट यांच्या ‘टू सर, विथ लव्ह’ या कादंबरीतला उतारा आहे. विद्यार्थी परिषदेच्या सहामाही अहवालाचा प्रसंग. काय शिकलो ते मुलेच उभी राहून सांगतात, शिक्षकांना प्रश्न विचारतात. उतारा चांगला निवडला आहे. पण तो मुलांपर्यंत पोचतो कथानक, पात्रे, स्थळ, आशय अशा टिपांच्या रूपात, आणि पुष्कळांची कादंबरी तिथेच संपते. सिडनी पॉइटिए यांचा १९६७चा चित्रपट कोणी दाखवलाच, तर गोष्ट पटकन कळावी म्हणून. माझा आक्षेप या हेतूला आहे. कादंबरीतले काय गाळले गेले हे मुलांनी स्वतः शोधावे, यासाठी चित्रपट दाखवायला हवा.

आणि इथे बरेच गाळले आहे. ब्रेथवेट ब्रिटिश गयानात जन्मले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये होते. युद्धानंतर अभियंत्याची नोकरी मागायला गेले, तेव्हा मुलाखतीत त्यांच्या ज्ञानाचे कौतुक झाले आणि मग गोऱ्या माणसांवर काळा साहेब नेमता येत नाही म्हणून नकार मिळाला. नाइलाजाने ते लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शिक्षक झाले. १९५९च्या पुस्तकात हा अपमान सविस्तर येतो. जिलियन या गोऱ्या सहशिक्षिकेशी जुळलेले प्रेमही येते. हॉटेलात वेटर अपमान करतो, ते गप्प राहतात, आणि ती त्यांच्यावरच संतापते. तिचे वडील होणाऱ्या मुलांचा प्रश्न काढतात. दिग्दर्शक जेम्स क्लॅव्हेल यांनी गोष्ट साठीच्या दशकातल्या मिनीस्कर्ट आणि पॉप गाण्यांच्या लंडनमध्ये आणली आणि प्रेम नुसत्या सूचनेवर ठेवले. ब्रेथवेट यांना चित्रपट आवडला नाही, आणि ते त्यांनी उघड सांगितले.

असे का झाले असावे, यावर सतरा वर्षांची मुले उत्तम वाद घालू शकतात. आंतरवंशीय विवाहांवरची अमेरिकी राज्यांची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९६७च्या जूनमध्ये. मग भीतीपोटी प्रेम कापले म्हणावे, तर त्याच वर्षी ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मध्ये पॉइटिए गोऱ्या मुलीशी लग्न ठरवून तिच्या घरी येतात. सोपे उत्तर टिकत नाही, पुन्हा पुस्तक उघडावे लागते. वर्गात मला घडायला हवे आहे ते हेच.

पुष्पचक्राचा प्रसंग मात्र दोन्हीकडे आहे. मिश्रवंशीय वर्गमित्राची आई वारते. मुले पुष्पचक्रासाठी पैसे जमवतात, पण ते त्याच्या घरी न्यायला कचरतात. तिथे जाताना लोकांनी पाहिले तर? आपल्या वर्गात या प्रसंगाला टीप लागत नाही. कोणाच्या दारात गेल्यावर गावात काय बोलले जाते, हे इथल्या मुलांना फार लवकर कळलेले असते. हा प्रसंग आधी वाचावा, मग पडद्यावर पाहावा, आणि मुलांना बोलू द्यावे. ती मराठीत बोलली तरी इंग्रजीच्या तासाचे काही बिघडत नाही.

तासिका कमी आणि अभ्यासक्रम मोठा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण पूर्ण चित्रपटाची गरज नाही, दोन प्रसंग पुरतात. ग्रंथालयात कादंबरीच्या थोड्या प्रती हव्यात. आणि प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हवा: दिग्दर्शकाने गाळलेला कोणता प्रसंग तुम्ही ठेवला असता, आणि का? गुण युक्तिवादाला द्यावेत, निवडीला नव्हे.